साथीच्या काळात रुग्णसेवकांची सुरक्षितता : माहिती हेच पहिले कवच

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले असताना रुग्णांची शुश्रूषा करताकरताच सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. गाठीच्या प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवून दिले आणि ते सर्वमान्य होण्यास पुढे आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे ज्या रोगाशी सावित्रीबाई झुंजत होत्या, तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे त्या वेळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्यांच्या त्यागापुढे महाराष्ट्र आजही नतमस्तक होतो. परंतु त्या त्यागातून एक प्रश्नही उभा राहतो. रोगाविषयीचे ज्ञान उपलब्ध असताना, केवळ ते वेळेवर पोहोचले नाही म्हणून एखाद्या रुग्णसेवकाचा बळी गेला, तर त्याला त्याग म्हणावयाचे की व्यवस्थेची उणीव?

हा प्रश्न केवळ इतिहासापुरता राहिलेला नाही. २००२-०३ मध्ये उद्भवलेल्या सार्स या श्वसनरोगाचे जगभरात ८,०९६ रुग्ण आढळले व त्यांपैकी ७७४ दगावले. या रुग्णांमध्ये १,७०६ जण, म्हणजे दर पाच रुग्णांमागे एकाहून थोडे अधिक, स्वतः आरोग्यसेवक होते. पुढे कोविड-१९ च्या महासाथीत जानेवारी २०२० ते मे २०२१ या अवधीत जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने वर्तविला. रुग्णालय हे रोग बरा होण्याचे ठिकाण; पण साथीच्या भरात तेच रोग पसरण्याचेही ठिकाण होऊ शकते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

येथे रुग्णसेवक या शब्दाची व्याप्ती ध्यानी घेणे अगत्याचे आहे. डॉक्टर व परिचारिका एवढेच रुग्णसेवक नव्हेत. केसपेपर काढणारा लिपिक, कक्षसेवक, सफाई कामगार, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण सहायक, धुलाईघरातील कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, दारावरचा पहारेकरी आणि शवागारात काम करणारी व्यक्ती हे सर्वच त्यात मोडतात. रोगाला हुद्दा कळत नाही. सूचना मात्र पुष्कळदा हुद्द्यानुसारच खाली झिरपते आणि वाटेतच आटते.

दोन शहरे, एकच दिवस

माहिती वेळेवर मिळणे म्हणजे नेमके काय, याचे एक बोलके उदाहरण कॅनडा देशात घडले. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगमधील एका हॉटेलात उतरलेल्या काही प्रवाशांना सार्सची लागण झाली. त्या वेळी या रोगाला नावही मिळालेले नव्हते. हे प्रवासी आपापल्या देशी परतले. त्यांतील एक वृद्ध महिला टोरांटो शहरात घरीच मरण पावली. तिच्या मुलाला ताप व खोकला सुरू झाला आणि ७ मार्च २००३ रोजी तो तेथील एका रुग्णालयात दाखल झाला. योगायोग असा की, त्याच दिवशी देशाच्या पश्चिम टोकाला असलेल्या व्हँकूव्हर शहरातील रुग्णालयातही हाँगकाँगहून परतलेला असाच एक रुग्ण येऊन पोहोचला.

टोरांटोमधील रुग्णाला तातडीच्या विभागात इतर रुग्णांच्या सान्निध्यात कित्येक तास थांबावे लागले. त्याचा आजार काही वेगळाच असू शकेल, अशी शंका येण्याजोगी माहिती तेथील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती. शेजारच्या खाटांवरील रुग्णांना त्याच्यापासून लागण झाली. त्यांच्यापासून त्यांच्या घरच्या माणसांना व कर्मचाऱ्यांना झाली. आणि पाहता पाहता साथ एका रुग्णालयातून दुसऱ्यात शिरली.

व्हँकूव्हरमध्ये मात्र चित्र निराळे दिसले. दक्षिण चीन व हाँगकाँग या भागांत श्वसनाचा एक अनोळखी आजार दिसत असून तिकडून आलेल्या रुग्णांबाबत दक्ष राहावे, अशी सूचना त्या प्रांताच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीतच रुग्णालयांना पाठविली होती. ती कार्यालयाच्या फायलीत पडून न राहता प्रत्यक्ष रुग्ण पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली होती. साहजिकच तेथे त्या रुग्णाला प्रवासाविषयी प्रश्न विचारले गेले, काही मिनिटांत त्याला वेगळे ठेवण्यात आले व कर्मचाऱ्यांनी योग्य ते मुखावरण चढविले. त्या रुग्णापासून तेथे साथ पसरली नाही.

यात दैवाचाही भाग होता, हे नाकारता येणार नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. दोन्ही ठिकाणी डॉक्टर तज्ज्ञ होते, साधने आधुनिक होती आणि देशही एकच होता. जागतिक आरोग्य संघटनेने जगाला सावध केले ते १२ मार्च रोजी, म्हणजे या घटनेनंतर पाच दिवसांनी. त्या पाच दिवसांपूर्वीच एका साध्या सूचनेने एका रुग्णालयाला कवच दिले होते.

दुसरी लाट व न ऐकलेला आवाज

टोरांटोचा धडा येथेच संपत नाही. मेच्या मध्यास साथ ओसरली असे वाटून आणीबाणी उठविण्यात आली व रुग्णालयांतील दक्षतेचे नियमही सैल झाले. मुखावरणे उतरली. त्याच सुमारास एका रुग्णालयातील परिचारिकांना काही रुग्णांचा ताप व न्यूमोनिया संशयास्पद वाटू लागला. हा सार्सच असावा, अशी शंका त्यांनी वरिष्ठांकडे बोलूनही दाखविली होती. ती वेळीच मनावर घेतली गेली नाही. मेच्या अखेरीस साथीची दुसरी लाट उघडकीस आली, तेव्हा रोग त्या रुग्णालयात बराच पसरलेला होता. या साथीत आँटेरिओ प्रांतात एकूण ३७५ रुग्ण झाले व ४४ जणांचा मृत्यू ओढवला. रुग्णांपैकी १६९ जण आरोग्यसेवक होते. दोन परिचारिका व एक डॉक्टर यांना प्राणास मुकावे लागले.

या सर्व घटनांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाचा अंतिम अहवाल जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या अहवालाचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे की, धोका कमी करण्याचे वाजवी उपाय योजण्यासाठी शास्त्रीय खात्री होईपर्यंत थांबू नये. शंका असेल तेथे अधिक सुरक्षिततेची बाजू घ्यावी. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था असावी, यावरही आयोगाने भर दिला. या तत्त्वाला सावधगिरीचे तत्त्व असे म्हटले जाते.

यावरून माहितीच्या दोन वाटा असतात, हे लक्षात येते. एक वाट वरून खाली येते : शासन, जिल्हा, रुग्णालय, कक्ष. दुसरी खालून वर जाते : खाटेजवळ उभी असलेली परिचारिका, तिची परिसेविका, वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक. पहिली वाट बंद पडली की मार्चमधल्या टोरांटोसारखी स्थिती होते. दुसरी बंद पडली की मेमधल्यासारखी.

सूचना शेवटच्या माणसापर्यंत

आता हे तत्त्व आपल्याकडील एखाद्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात कसे उतरवावे, याचा विचार करू. साथीच्या भरात अशा रुग्णालयाकडे जिल्ह्याकडून, राज्याकडून व केंद्राकडून परिपत्रके येत राहतात. त्याखेरीज भ्रमणध्वनीवर खरे-खोटे संदेश अहोरात्र फिरत असतात. एका कागदात एक व दुसऱ्यात दुसरेच, असे झाले की कर्मचारी गोंधळतात आणि मग ज्याला जे सोयीचे वाटते ते तो करू लागतो.

यावर उपाय साधा आहे. रुग्णालयातील एका जबाबदार व्यक्तीकडे सर्व सूचना गोळा करण्याचे काम सोपवावे. त्या व्यक्तीने रोज ठराविक वेळी त्यांचा गोषवारा सुबोध मराठीत एका पानावर लिहावा, त्यावर दिनांक व वेळ घालावी आणि आदल्या दिवसाच्या तुलनेत काय बदलले हे सर्वांत वर नमूद करावे. जुने पान फलकावरून काढूनच नवे लावावे. हे पान प्रत्येक पाळीच्या सुरुवातीस दहा मिनिटांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे. सफाई कामगारांपैकी कोणास वाचता येत नसेल, तर ही बैठकच त्याच्यासाठी परिपत्रक होय. रात्रपाळीला व कंत्राटी कामगारांना ही बैठक चुकणार नाही, याची दक्षता विशेषत्वाने घ्यावी लागते; कारण सूचना बहुधा दिवसपाळीतच विरून जातात.

या बैठकीत कोणत्या गोष्टी सांगाव्यात? आज किती रुग्ण आहेत व किती येण्याचा संभव आहे. मुखावरणे, हातमोजे व संरक्षक पोशाख यांचा साठा किती दिवसांचा आहे. कोणाला कोणत्या कक्षात जावयाचे आहे. सहकाऱ्यांपैकी कोणी आजारी पडले असल्यास त्याची प्रकृती कशी आहे. यांपैकी साठ्याची माहिती दडवून ठेवण्याकडे अनेकदा कल असतो. साठा अपुरा असल्याचे कळले तर कर्मचारी घाबरतील, असे वरिष्ठांना वाटते. परंतु कोठडीत काय आहे हे कोठडी साफ करणाऱ्याला आधीच ठाऊक असते. सांगितले नाही तर भीती कमी होत नाही, फक्त विश्वास कमी होतो.

बदलणारी सूचना व तिचे कारण

नव्या रोगाचे ज्ञान दिवसागणिक वाढत असते. तद्वतच सूचनाही बदलत असतात. कोविडच्या आरंभी पृष्ठभाग पुसण्यावर मोठा भर होता. पुढे हा विषाणू बंदिस्त जागेतील हवेतूनही पसरतो, हे अधिकाधिक स्पष्ट होत गेले आणि खिडक्या उघड्या ठेवणे व हवा खेळती राखणे यांचे महत्त्व पटले. प्रारंभी कित्येक ठिकाणी माणसांच्या अंगावर जंतुनाशकाची फवारणी केली जात होती. ती अपायकारक असल्याने करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केले.

अशा वेळी नुसता नवा आदेश देऊन भागत नाही. काल असे का सांगितले होते, आज ते का बदलले आणि उद्या पुन्हा बदलण्याचा संभव आहे का, हे तीन प्रश्नांचे उत्तर आदेशाबरोबरच गेले पाहिजे. कारण कळले नाही, तर साधने संपली म्हणून नियम बदलला अशी समजूत होते. कधी ते खरेही असते. तसे असल्यास तेही स्पष्टपणे सांगणे इष्ट. टंचाईमुळे घेतलेला निर्णय शास्त्राच्या नावावर खपविला, तर पुढील खऱ्या शास्त्रीय सूचनेवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

पोशाख चढविणे आणि उतरविणे

संरक्षक पोशाख अंगावर असला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः धोक्याचा क्षण पोशाख उतरवितानाचा असतो. हातमोजे व पोशाखाची बाहेरची बाजू दूषित झालेली असते. कर्मचारी थकलेला, घामेजलेला व घाईत असतो. आणि नकळत त्याचा हात चेहऱ्याकडे जातो. म्हणून बाहेरील दूषित भाग आधी काढावेत, प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ करावेत आणि मुखावरण सर्वांत शेवटी, रुग्णकक्षाच्या बाहेर आल्यावरच काढावे, असा क्रम सांगितला जातो. हा क्रम चित्रांसह त्याच जागी भिंतीवर लावलेला असावा. एकाने उतरवावे व दुसऱ्याने समोर उभे राहून क्रम वाचत जावे, ही जोडीची पद्धत फार उपयुक्त ठरते. चूक दिसली तर ती सांगण्याचा अधिकार त्या दुसऱ्याला असला पाहिजे, मग उतरविणारा डॉक्टर असो व सांगणारा कक्षसेवक असो.

श्वसनाच्या साथीत मुखावरण चेहऱ्याला घट्ट बसणे आवश्यक असते. कडेने हवा जात असेल, तर उत्तम प्रतीचे मुखावरणही निरुपयोगी होय. याचा सराव साथ येण्यापूर्वीच करून ठेवावा. पोहणे शिकण्याची वेळ पुरात नसते.

आणखी एक जागा दुर्लक्षित राहते. रुग्णकक्षात सर्व काळजी घेणारे कर्मचारी चहाच्या व जेवणाच्या खोलीत मुखावरण काढून एकत्र बसतात. लहान, बंद खोलीतील हे अर्धा तास कधी कधी कक्षातील आठ तासांहून अधिक धोक्याचे ठरतात. जेवणाच्या वेळा वेगवेगळ्या ठेवणे व शक्य तर व्हरांड्यात बसण्याची सोय करणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

खालून वर जाणारी माहिती

प्रत्येक कर्मचाऱ्याच्या प्रकृतीची रोज विचारपूस व्हावी व त्याची नोंद राहावी. २००३ मध्ये सिंगापूरने एका रुग्णालयाकडे सार्सचे रुग्ण एकवटले आणि आरोग्यसेवकांचे तापमान रोज नियमाने मोजण्याची शिस्त लावली. ताप आलेला कर्मचारी वेळीच बाजूला काढता आला, तर तो स्वतः वाचतो आणि त्याचे सहकारीही वाचतात.

परंतु ही शिस्त भीतीच्या वातावरणात टिकत नाही. ताप सांगितला तर रजा बिनपगारी होईल, किंवा कंत्राट संपेल, अशी धास्ती असेल, तर कर्मचारी गोळी घेऊन कामावर येईल. म्हणजे रोजंदारीवरील सफाई कामगाराला आजारपणाची पगारी रजा देणे ही केवळ दयेची गोष्ट नव्हे. तो संसर्ग रोखण्याचाच उपाय आहे. तीच गोष्ट चुकीच्या नोंदीची. सुई टोचली, हातमोजा फाटला, मुखावरण सरकले, अशा घटना कोणी लपवू नयेत असे वाटत असेल, तर नोंद करणाऱ्याला प्रथम उपचार मिळाले पाहिजेत, कारणे दाखवा नोटीस नव्हे.

हक्कांची माहितीही याच सदरात मोडते. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने कोविडसाठी काम करणाऱ्या आरोग्यसेवकांकरिता ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली. तीत खासगी रुग्णालयांतील, कंत्राटी व रोजंदारीवरील कर्मचारी तसेच आशा स्वयंसेविका यांचाही अंतर्भाव होता. तरतूद कितीही चांगली असली, तरी ज्यांच्यासाठी ती असते त्यांना ती ठाऊक नसेल, तर तिचा उपयोग काय?

संसर्गाखेरीज इतर धोके

रुग्णांची गर्दी वाढली की इतरही धोके वाढतात. प्राणवायूचा वापर वाढतो, विजेच्या यंत्रांवर ताण येतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर दोनच दिवसांनी विरार येथे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. प्राणवायूची झडप कोठे आहे, वीजप्रवाह कोठून बंद होतो, अग्निशामक नळकांडे कसे चालवावे व रुग्णांना कोणत्या वाटेने न्यावे, हे प्रत्येक पाळीतील प्रत्येकास माहीत असले पाहिजे.

नातेवाइकांच्या संतापातून होणारे हल्ले हाही एक धोका आहे. मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर १८९७ मध्ये केलेल्या साथरोग कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती करण्यात आली. त्यानुसार साथीच्या काळात आरोग्यसेवकांवर हल्ला करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास तीन महिने ते पाच वर्षे कारावास, व गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास, तसेच दंडाची तरतूद आहे. तथापि कायदा हल्ल्यानंतर धावून येतो. हल्ला टाळावयाचा तर आत असलेल्या रुग्णाची प्रकृती बाहेर तिष्ठत बसलेल्या नातेवाइकांना रोज ठराविक वेळी सांगणारी व्यक्ती नेमणे, हाच खरा मार्ग. येथेही माहितीच कवच ठरते.

गाव व शाळा यांचे कर्तव्य

रुग्णसेवकाची पाळी संपली तरी तो माणूस म्हणून गावातच राहतो. २०२० मध्ये देशातील अनेक ठिकाणी परिचारिकांना व डॉक्टरांना घर सोडण्यास सांगण्यात आले, त्यांच्या मुलांना वेगळी वागणूक मिळाली. ज्याच्या घरी पाण्याची वा किराण्याची अडचण केली जाते, त्याच्याकडून कक्षात एकाग्रतेची अपेक्षा कशी करावी? यास्तव ग्रामपंचायतीने गावातील आरोग्यसेवकांची यादी करावी, त्यांच्या कुटुंबांची विचारपूस करावी, विलगीकरणाची वेळ आल्यास एखादी स्वच्छ खोली सज्ज ठेवावी आणि ग्रामसभेत रुग्णालयाच्या अधिकाऱ्यास बोलावून गावाच्या शंकांचे निरसन करवून घ्यावे.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत पथकांनी घरोघरी जाऊन ताप व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तपासले. अशी पाहणी वेळेवर झाली, तर रुग्ण लवकर सापडतात व रुग्णालयाच्या दारावर एकाच वेळी लोट येत नाही. लोट कमी झाला की आतील कर्मचाऱ्याला हात धुण्यास व पोशाख नीट उतरविण्यास उसंत मिळते. अफवेचे निराकरण करण्यास तर गावात शिक्षकासारखा दुसरा विश्वासाचा माणूस नाही.

समारोप

कोविडच्या काळात रुग्णसेवकांसाठी लोकांनी टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या, रुग्णालयांवर पुष्पवृष्टीही झाली. आशा स्वयंसेविकांच्या कार्याचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला. हे सर्व उचितच होते. परंतु गौरव हा संरक्षणाचा पर्याय होऊ शकत नाही. साथ ओसरल्याच्या शांत काळातच पुढील साथीची तयारी होत असते : सूचना गोळा करणारी व्यक्ती ठरविणे, पोशाखाचा सराव घेणे, साठ्याची नोंद राखणे, पाळीच्या बैठकीची सवय लावणे आणि खालच्या पायरीवरचा आवाज ऐकण्याची रीत रुजविणे. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही.

सावित्रीबाईंच्या काळी जगाला उत्तर ठाऊक नव्हते. आज ते बहुधा कोठे ना कोठे उपलब्ध असते, कधी परिपत्रकात, तर कधी एखाद्या परिचारिकेच्या शंकेत. ते योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचविणे ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.